टिटिकाका सरोवरांतील बेटें

दक्षिण अमेरिकेंत पेरू व बोलिव्हिया यांच्या सीमेवर टिटिकाका नांवाचें विस्तीर्ण सरोवर सुमारें १२,५०० फूट उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही अधिक! म्हणून तेथील बेटांच्या एक दिवसाच्या सहलीचा बेत घड्याळापेक्षां श्वासाच्या हिशेबानें करावा लागतो. समुद्रकांठच्या लिमाहून विमानानें येऊन दुसऱ्याच दिवशीं होडींत बसणें शहाणपणाचें नव्हे. विरळ हवेनें डोकें दुखतें, मळमळतें. कांठावरील पुनो शहरीं दोन दिवस स्वस्थ राहावें, मग निघावें.

सकाळीं निघालेली यांत्रिक होडी सुमारें अर्ध्या तासांत उरोस लोकांच्या तरंगत्या बेटांशीं पोंचते. हीं बेटें माणसांनींच घडविलेलीं आहेत. तोतोरा नांवाच्या लव्हाळ्याच्या मुळांचे तरंगते गड्डे एकत्र बांधून त्यांवर कापलेल्या लव्हाळ्याचे थर पसरतात. खालचा थर कुजत जातो, तसतसा वर नवा घालावा लागतो. हें काम कधींच संपत नाहीं. घर त्याचेंच, होडी त्याचीच. कोवळा बुंधा तर सोलून खातातही. हीं लोकांचीं राहतीं घरें आहेत. छायाचित्र घेण्यापूर्वीं विचारावें.

पुढें ताकिले हें खरें खडकाळ बेट. पुनोहून तेथें मंद होडीस तीन तास लागतात. धक्क्यापासून गांवापर्यंत पांचशेंहून अधिक पायऱ्या आहेत. उतावळ्या पाहुण्याची परीक्षा तेथेंच होते. येथें सुयांवर टोप्या विणतात त्या पुरुष, व जमिनीवरील मागावर बसतात त्या स्त्रिया! २००५ सालीं युनेस्कोनें या वस्त्रकलेचा गौरव केला. दोन्ही ठिकाणें एका दिवसांत होतात खरीं, परंतु निम्मा दिवस पाण्यावरच जातो. ज्यास दम लागत असेल त्यानें उरोस पाहूनच परतावें. ऊन प्रखर असतें व सायंकाळीं थंडी झोंबते, यास्तव टोपी व लोंकरी वस्त्र दोन्हीं बरोबर असावीं.