हसणारी पुस्तके, बोलणारी चित्रे

जुनी पुस्तके जमविणारे लोक जगभर आहेत. कोणी धर्मग्रंथ जमवितो, कोणी नकाशे. अमेरिकेत असाही एक वर्ग आहे की, जो एकोणिसाव्या शतकातील विनोदी लेखकांची सचित्र पुस्तके शोधत फिरतो. विनोदी पुस्तक म्हणजे घटकाभर करमणूक; मग त्याला एवढे मोल कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमच्या मते, त्याचे उत्तर चित्रांत आहे. त्या काळचा समाज कोणाला हसत होता, हे तिथे उघड दिसते.

प्रथम ही पुस्तके खपत कशी, ते पाहू. मार्क ट्वेनचे 'द इनोसन्ट्स अब्रॉड' १८६९ साली हार्टफर्डच्या अमेरिकन पब्लिशिंग कंपनीने काढले. ते दुकानात मांडलेले नसे. कंपनीचे एजंट नमुन्याची पाने आणि बांधणीचे नमुने असलेली वही घेऊन दारोदार फिरत व आगाऊ नोंदणी करीत. साध्या घरातील गिऱ्हाइकाला पैशाच्या मोबदल्यात जाडजूड ग्रंथ आणि भरपूर चित्रे हवी असत. म्हणून या पुस्तकात दोनशेच्या वर चित्रे आहेत. बहुतेक ट्रू विल्यम्स या चित्रकाराची. एजंटांच्या त्या नमुना-वह्यासुद्धा आज संग्राहक जपून ठेवतात.

अब्राहम लिंकनलाही या विनोदाची आवड होती. २२ सप्टेंबर १८६२ रोजी त्यांनी मंत्रिमंडळासमोर आधी आर्टिमस वॉर्डचा एक विनोदी लेख वाचून दाखविला आणि मग गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा पुढे ठेवला. लिंकनचा दुसरा आवडता लेखक पेट्रोलियम नॅस्बी. हे डेव्हिड लॉक या संपादकाचे टोपणनाव. गुलामगिरीच्या एका अडाणी, स्वार्थी समर्थकाचे सोंग घेऊन लॉक लिहीत आणि त्या समर्थकांचेच पितळ उघडे पाडीत. त्यांच्या १८७२ च्या संग्रहाला थॉमस नॅस्टची चित्रे आणि गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनर यांची प्रस्तावना आहे. पण याच नॅस्टने इतरत्र आयरिश गरिबांना माकडासारखे रंगविले, हेही विसरता येत नाही.

'हकलबरी फिन' अमेरिकेत १८८५ साली निघाले. त्यात एडवर्ड केंबल या तरुणाची १७४ चित्रे आहेत. छपाईच्या वेळी कोणा खोडसाळाने एका चित्रात अश्लील फेरफार केला. तो लक्षात येताच ते पान कापून नवे चिकटविण्यात आले. सुरुवातीच्या प्रतींत ५७ व्या पानावर 'सॉ' या शब्दाची अक्षरे उलटून 'वॉज' झाले आहे. संग्राहक अशा खुणा पाहूनच पहिली छपाई ओळखतात.

आम्हांला मात्र त्याहून मोठी खूण दुसरीच वाटते. कादंबरीतील जिम हा पळालेला गुलाम मायाळू, स्वाभिमानी माणूस आहे. त्याला पकडून देण्यापेक्षा नरकात जाणे हक पत्करतो. चित्रांतला जिम मात्र बऱ्याच ठिकाणी थट्टेचा विषय झाला आहे. केंबलने सगळ्या पात्रांसाठी, जिमसाठीसुद्धा, एकच गोरा मुलगा समोर उभा केला होता! पुढे काळ्या लोकांची व्यंगचित्रे काढूनच त्याने नाव कमावले. लेखकाने माणूस उभा केला, चित्रकाराने त्याला बाहुले केले. आणि दोन्ही एकाच पुठ्ठ्यात बांधले गेले.

नंतरच्या अनेक आवृत्त्यांत ही चित्रे वगळली गेली. म्हणूनच मूळ प्रतीचे महत्त्व. ती अपमानाचा पुरावा आहे, आणि पुरावा नष्ट झाला तर अपमान झालाच नाही असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

'हकलबरी'च्या चांगल्या पहिल्या प्रतीला हजारो डॉलर पडतात; कारकुनाच्या पगारात ते बसणारे नाही. नॅस्बी, जॉश बिलिंग्ज किंवा स्त्रियांच्या हक्कांसाठी विनोद हाती घेणाऱ्या मारिएटा हॉली यांची पुस्तके त्या मानाने स्वस्त मिळतात. तेही जमत नसेल तर इंटरनेट अर्काइव्हवर अशा अनेक जुन्या प्रती चित्रांसह फुकट पाहता येतात.

वाचकहो, सुटीच्या दिवशी मुलांना जवळ घेऊन ही चित्रे पाहा. हसू आले तर जरूर हसा. पण मुलांना एक प्रश्न अवश्य विचारा : इथे हसतो आहे कोण, आणि हसले जात आहे कोणाला?