घरी नर्सिंग करणाऱ्या मुलींसाठी थोडंसं

परवा वसईतल्या गोखिवऱ्यात रेंज ऑफिसजवळ एका आजींच्या जखमेचं ड्रेसिंग करायला गेले होते. पक्षाघातामुळे त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांच्या देखभालीसाठी नर्सिंग ब्युरोमार्फत आलेल्या मुलीने हळूच विचारलं, "ताई, मी सगळं करते, मग ही जखम झालीच कशी?"

मुलगी मनापासून काम करत होती, पण तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

माकडहाड, टाच, खुबा अशा हाडाच्या जागी सतत दाब आला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि कातडी मरते. म्हणून साधारण दर 2 तासांनी कूस बदलायची. वेळ वहीत लिहायची. लाल झालेली जागा चोळायची नाही! आपल्याकडे तेल लावून रगडतात, त्याने इजा वाढते.

नाकातल्या नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उंच ठेवा. नंतरही अर्धा-पाऊण तास आडवं करू नका.

आता शिक्षणाचं. एएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम 2 वर्षांचा, जीएनएम 3 वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग 4 वर्षांचा. त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. एवढं शक्य नसेल तर हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा 'होम हेल्थ एड' अभ्यासक्रम आहे. मात्र तो केल्याने नर्स होता येत नाही. इंजेक्शन, सलाइन नोंदणीकृत नर्सनेच द्यावं. घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी स्पष्ट नाही म्हणा.

वसई-विरारमध्ये हे काम करत असाल आणि काही अडलं असेल, तर कमेंटमध्ये विचारा. रात्रपाळीनंतर का होईना, उत्तर नक्की देईन.