जुना कूलर घेणाऱ्यांस

खानदेशांत उन्हाळा पाहुण्यासारखा येत नाहीं. तो बिऱ्हाड करून राहतो. १९०६ सालीं जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि पुढें तेच जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले. कागदावरची हद्द बदलली, ऊन मात्र दोन्ही अंगांस सारखेंच राहिलें. मे महिन्यांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास पोंचतो, आणि धुळ्याचें ऊनहि फारसें मागें राहत नाहीं. अशा ठिकाणीं कूलर ही चैन राहिलेली नाहीं. परंतु प्रत्येकास नवा कूलर घेणें परवडतेंच असें नाहीं. बदली झालेला गृहस्थ जातांना आपला कूलर विकून जातो. खोली घेऊन राहिलेले विद्यार्थी शेवटची परीक्षा होतांच तो दुसऱ्यांस देऊन टाकतात. अशा रीतीनें दुसऱ्याच्या घरांतून आपल्या घरीं आलेल्या कूलरची निगा कशी राखावी, याचा विचार आज करावयाचा आहे.

कूलरचें तत्त्व आपल्या घरांतील माठाहून निराळें नाहीं. माठाच्या अंगांतून झिरपलेलें पाणी वाफ होऊन उडून जातें आणि जातांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारें २,४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबानें एका युनिटचा दोन-तृतीयांश भाग इतकी उष्णता लागते. पूर्वी दारांखिडक्यांवर वाळ्याचे पडदे सोडून त्यांवर पाणी शिंपडीत असत. कूलरनें त्या पडद्यास पंख्याची व पंपाची जोड दिली, एवढेंच. विजेचें काम फक्त हवा ओढणें आणि पाणी वर चढविणें हें असल्यामुळें दोनशे वॅटचा कूलर पांच तास चालला तरी एकच युनिट खर्च होतें.

हवा जितकी कोरडी, तितका कूलरचा गुण अधिक. बाहेर ४३ अंश उष्णता असून हवेंत ओलावा शेंकडा १५ असेल, तर चांगल्या जाळीचा कूलर हवा सुमारें २७ अंशांपर्यंत उतरवूं शकतो. तोच कूलर आषाढांत दोन-तीन अंशांचाहि फरक दाखवीत नाहीं, तेव्हां बिचाऱ्या यंत्रास दोष देण्यांत अर्थ नाहीं. यावरून आणखी एक गोष्ट ध्यानांत येईल. कूलरनें खोलींत आणलेली ओली हवा बाहेर पडण्यास वाट हवी. तो खिडकीबाहेर ठेवून समोरची दुसरी खिडकी किंवा दार थोडें उघडें ठेवावें. सर्व दारें बंद करून कूलर खोलीच्या मध्यभागीं चालवला, तर अर्ध्या तासांत गारवा संपून घामाचा चिकटपणा तेवढा उरतो. नवीन मालक ज्यास यंत्राचा बिघाड समजतात, तो पुष्कळदां केवळ जागेचा दोष असतो.

आतां यंत्राच्या अंगांकडे वळूं. प्रथम जाळ्या. लांकडी भुशाच्या दोऱ्यांची, वाळ्याची अथवा पुठ्ठ्याची मधाच्या पोळ्यासारखी, जाळी कोणतीहि असो. ती सर्वत्र सारखी भिजली पाहिजे. चालू कूलरच्या जाळीवर कोरडे पट्टे दिसले, तर तेथून ऊन हवा तशीच आंत येत आहे असें समजावें. वरच्या पन्हळींतील भोंकें तारेनें मोकळीं केलीं कीं बहुधा काम भागतें. भुशाची जाळी मात्र दर वर्षीं नवी घालावी; जुन्या मालकाची जाळी वापरूं नये. तिला येणारा कुबट वास कोणत्याहि अत्तरानें जात नाहीं.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडील विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी काळ्या खडकांतून येतें आणि बहुधा जड असतें. वाफ होतें तें शुद्ध पाणी. त्यांतील क्षार मागें टाकींतच राहतात. टाकी रिकामी न करतां तिच्यांत पांच वेळां भर घातली, तर पांच टाक्यांचे क्षार एका टाकींत सांठतात, आणि तेच पुढें पांढऱ्या कवचाच्या रूपानें जाळीवर व पंपावर बसतात. भर दुपारीं मोठा कूलर तासास दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो. जेथें नळ एक दिवसाआड येतो, तेथें पाणी ओतून देणें जिवावर येतें हें खरें. म्हणून टाकींतील उरलेलें थोडें पाणी आठवड्यांतून एकदांच काढावें. पंपावर बसलेला थर लिंबूसत्त्वाच्या पाण्यांत तासभर भिजत ठेवून कुंचल्यानें घासला असतां निघून येतो.

तिसरें अंग मोटर. बटण दाबल्यावर पंखा नुसताच गुणगुणतो आणि काठीनें ढकलल्यावर फिरूं लागतो, असें झाल्यास बहुतेक वेळां दोष मोटरींत नसून तिच्याजवळच्या लहानशा कंडेन्सरांत असतो. तो थोड्या खर्चांत बदलतां येतो. त्यासाठीं मोटर भंगारांत घालूं नये. खरखर होत असेल, तर बुशांत यंत्राच्या तेलाचे दोन-तीन थेंब घालावेत. पंप पाणी चढवीत नसेल, तर आधीं त्याच्या तोंडाची जाळी कचऱ्यानें भरली आहे काय तें पाहावें. पंप कोरडा चालूं देऊं नये. तो पाण्यानेंच थंड राहतो.

येथपर्यंत सांगितलेल्या चुका फार तर गैरसोय करतात. यापुढील गोष्टीची चूक जीव घेते. दर उन्हाळ्यांत कूलरचा धक्का बसून माणूस दगावल्याच्या बातम्या खानदेशांत आणि विदर्भांत वाचावयास मिळतात, आणि पुष्कळदां ती व्यक्ति कूलरमध्यें पाणी भरणारी गृहिणी किंवा मूल असते. याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. जुन्या पंपाच्या अथवा मोटरीच्या तारेचें वेष्टण झिजलें कीं वीज पत्र्याच्या अंगांत उतरते. पत्रा जमिनीशीं जोडलेला नसेल, तर तो २३० व्होल्ट अंगावर घेऊन निमूटपणें उभा राहतो. पंखा फिरतो, पाणी पडतें, हवाहि गार येते. म्हणजे कूलर चालतो यावरून तो निर्धोक आहे असें मुळींच ठरत नाहीं. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा विरोध सुमारें हजार ओहम धरला, तर त्याच्यांतून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. दहा-पंधरा मिलिअँपिअरांनींच हाताचे स्नायु आंखडतात व पकड सोडवत नाहीं. शंभराच्या आसपास हृदयाचा ताल बिघडूं शकतो. आणि पांच अँपिअरच्या फ्यूजला एवढ्याशा प्रवाहाची दादहि लागत नाहीं.

उपाय तीन आहेत. पहिला, तीन पायांचा प्लग. त्याचा जाड व लांब पाय अर्थिंगचा होय. तो सर्वांआधीं जोडला जावा आणि सर्वांमागून सुटावा म्हणून लांब केलेला असतो. त्याची हिरवी तार पत्र्यास स्क्रूनें घट्ट आंवळलेली आहे काय हें वायरमनकडून तपासून घ्यावें. दोन पायांचा प्लग लावलेला पत्र्याचा कूलर कोणी फुकट दिला तरी तसाच चालवूं नये. दुसरा उपाय, भिंतींतील तिसरें भोंक खरोखर जमिनीपर्यंत पोंचतें कीं नाहीं याची खात्री. जुन्या घरांतून तें पुष्कळदां शोभेपुरतेंच असतें. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यांत वाळून भेगाळते, आणि कोरड्या मातींत वीज जिरत नाहीं. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर चालतो, त्याच महिन्यांत अर्थिंग दुबळें पडतें. त्या खड्ड्यांत अधूनमधून बादलीभर पाणी घालीत जावें. तिसरा उपाय, ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक खटका, ज्यास वायरमन आर.सी.सी.बी. म्हणतात. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांची तो सतत तुलना करतो, आणि फरक पडतांच क्षणार्धांत वीज तोडतो.

याखेरीज घरांतील प्रत्येकानें एक नियम पाळावा: पाणी भरण्यापूर्वी प्लग काढून हातावेगळा करावा, केवळ बटण बंद करून भागत नाहीं, कारण बटण चुकीच्या तारेवर बसविलेलें असूं शकतें. कोणी चिकटलाच, तर त्यास हातानें ओढूं नये. प्रथम मुख्य खटका पाडावा. तें शक्य नसेल तर कोरड्या लांकडानें त्यास दूर सारावें, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटीं डांसांविषयीं. डेंग्यूचा डांस घाणेरड्या गटारापेक्षां घरांतील स्वच्छ, सांचलेलें पाणी पसंत करतो. अंड्यापासून उडत्या डांसापर्यंत त्यास सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यांतून एक दिवस टाकी पूर्ण कोरडी करावी. त्याचीं अंडीं भिंतीस चिकटून कित्येक महिने कोरडींच जिवंत राहतात. तेव्हां नुसतें पाणी ओतून न देतां टाकीच्या कडा घासून काढाव्यात. क्षारांसाठीं सांगितलेला साप्ताहिक दिवस यासहि उपयोगी पडतो. मृगाचा पाऊस स्थिरावला कीं कूलर धुऊन, उन्हांत वाळवून, तळाच्या पत्र्यास गंजरोधक रंग देऊन झांकून ठेवावा. पावसाळाभर गच्चीवर पाण्यासह उभा असलेला कूलर हें शेजारपाजाऱ्यांच्याहि घरांत ताप पाठविण्याचें साधन होतें.

जुना कूलर घेतला कीं त्यास रंग द्यावा, नवीं चाकें लावावींत, अशी इच्छा होणें साहजिक आहे. तीं कामें आखाजीपर्यंत थांबलीं तरी चालेल. पहिला खर्च मात्र तीन पायांच्या प्लगचा, हिरव्या तारेचा आणि वायरमनच्या तासाभराच्या मजुरीचा असावा. तो झाल्यावांचून घरांतील कोणीहि त्या कूलरला हात लावूं नये.