काळ्या कापडावर आधी पांढरं

संक्रांत पंधरा दिवसांवर आली की माझ्या टेबलावर काळ्या कापडाचे गठ्ठे येऊन पडतात. बोरन्हाणाची झबली, लेकरांचे टी-शर्ट, मैत्रिणींनी हळदीकुंकवासाठी एकसारखे शिवून घेतलेले कुर्ते. त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘पहिली संक्रांत’ हवं असतं, बाजूला पतंग, खाली लेकराचं नाव. काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने घातले की दाणा न् दाणा कसा उठून दिसतो! गिऱ्हाइकाला माझं अक्षरही तसंच उठून दिसायला हवं असतं.

मांजरसुंब्याहून केजकडे निघालं की बालाघाटाच्या पठारावर नेकनूर लागतं. आठवडी बाजाराचं आणि बंकटस्वामींच्या मठाचं गाव. इथं छपाईचं काम सणांच्या मागं चालतं. संक्रांत सरली की शिवजयंती, मग 14 एप्रिलचे गडद निळे कपडे, आषाढात दिंडीचे शर्ट, नंतर गणेश मंडळं. पांढरा शर्ट छापायला घेऊन येणारा आता क्वचितच दिसतो. तरणी पोरं येतात तीच घाईत. “दादा, मंडळाचे पन्नास करायचेत. काळेच पायजेत, अन् परवा पायजेत.” फोटो मोबाईलवर असतो, त्यात सात-आठ रंग. मी पहिल्यांदा रंगांकडे बघत नाही, कापड हातात घेतो.

कागदावर किंवा पांढऱ्या कापडावर छापलेला लाल हा खरं तर खालच्या पांढऱ्याच्या जोरावर लाल दिसतो. उजेड शाईतून खाली जातो, पांढऱ्यावर आपटतो आणि शाईचा रंग घेऊन परत येतो. काळं कापड तो उजेड गिळून टाकतं, परत काही पाठवत नाही. म्हणून काळ्यावर कुठलाही रंग टाकायचा तर आधी पांढरं अंथरावं लागतं. हे पांढरं म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, घराच्या भिंतीच्या रंगात असतं तेच. उजेड वळवण्याची त्याची ताकद हिऱ्याहून जास्त आहे, हिऱ्याचा अपवर्तनांक 2.4 तर याच्या रुटाइल जातीचा 2.7. त्यामुळे पातळसा थरही खालचं काळं झाकतो. खोड एकच, ते जड आहे, पाण्याच्या चौपट. शाईत ते सारखं तळाला बसायला बघतं. आमच्या धंद्यातल्या निम्म्या कटकटी या तळाला बसण्यातून निघतात.

कापड कशाचं आहे, हे दुकानदार सांगतो त्यावर मी विश्वास ठेवत नाही. शिवणीतला एक धागा ओढून काडीनं पेटवतो. कागदासारखा जळून हलकी राख झाली तर सुती. आक्रसून, वितळून टोकाला काळा कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. राखही आणि मणीही दिसला तर मिश्र. पुढची शाई त्या मण्यावर ठरते.

ज्याला कपवरच्या फोटोमुळे सबलिमेशन ठाऊक असतं, तो म्हणतो, तेच मारा की काळ्या शर्टावर. होत नाही. सबलिमेशनचा रंग दोनशे अंशांच्या आसपास वाफ होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो. तो पारदर्शक असतो आणि त्या छपाईत पांढरी शाईच नसते. काळ्यात रंगाची वाफ शिरली काय, न शिरली काय, दिसायचं काहीच नाही. सुती कापडात तर ती टिकतही नाही. पांढऱ्या पॉलिएस्टरच्या खेळाच्या जर्सीला मात्र याच्यासारखं दुसरं काम नाही. रंग धाग्यातच जात असल्यानं तो सोलायचा प्रश्नच येत नाही.

सुती काळ्यासाठी माझा पहिला भरवसा स्क्रीनवर आणि खडीवर. सोनेरी-रुपेरी वर्खाची नक्षी कापडावर चिकटवण्याला जुन्या छपाईत खडीकाम म्हणत. आता पाण्यातल्या, बाइंडर घातलेल्या दाट पांढऱ्या शाईला आम्ही खडी म्हणतो. बोल्टिंग, म्हणजे स्क्रीनचं जाळीदार कापड, जाड विणीचं घ्यायचं, 43 नंबरचं, म्हणजे त्यातून शाईचा भरघोस थर उतरतो. बारीक अक्षर असेल तर 77 नंबर. त्याच्या वर गेलं की पांढरं पातळ पडतं आणि खालचं काळं डोकावायला लागतं.

टेबलावर शर्ट ताणून बसवला की स्क्वीजीचा, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीचा, पहिला हात मारायचा. स्क्रीन उचलल्यावर अक्षर राखाडी दिसतं, कारण शर्टाची लव उभी राहून शाईतून वर येते. नवा माणूस इथं घाबरतो आणि ओल्यावरच दुसरा हात मारतो. मग कडा फुगतात, ‘क’चं पोट भरून जातं. तसं करायचं नाही. वरून फ्लॅशचा तापता दिवा काही सेकंद धरायचा. बोट लावलं तर शाई चिकटू नये, पण पूर्ण पिकूही नये. लव आता खाली दबलेली असते. मग दुसरा हात. या वेळी स्क्रीन उचलताना अक्षर चुन्यासारखं लख्ख निघतं. इतकी वर्षं झाली तरी तेवढा क्षण मी थांबून बघतो.

खडीऐवजी प्लास्टिसोल वापरलं तर काम सोपं जातं. ती शाई उघड्यावर सुकत नाही, दिवसभर स्क्रीनवर ठेवली तरी जाळी बंद पडत नाही. पण ती पीव्हीसीची आहे, तिला पूर्ण जाडीत सुमारे 160 अंश उष्णता मिळालीच पाहिजे. वरून कोरडी, आतून कच्ची राहिली की दोन धुण्यांत भेगा. शिवाय तिच्यावर थेट इस्त्री चालत नाही. लेकरं झबलं तोंडात घालतात. प्लास्टिसोल मऊ ठेवायला जी तेलं घालतात, त्यांतल्या काही थॅलेट जातींवर बऱ्याच देशांनी लहान मुलांच्या वस्तूंसाठी बंधनं आणली आहेत. म्हणून माझ्याकडं झबल्याला प्लास्टिसोल लागत नाही, कितीही घाई असो.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एका कबड्डी संघाचे मरून शर्ट होते, शंभर टक्के पॉलिएस्टर. नेहमीचंच पांढरं प्लास्टिसोल लावलं, नेहमीसारखंच तापवलं. देताना नंबर दुधासारखे पांढरे होते. आठव्या दिवशी पोरं परत आली. सगळे नंबर गुलाबी! पॉलिएस्टर ज्या रंगात रंगवतात तो सबलिमेशनच्याच कुळातला. मी शर्ट तापवला तेव्हा तो रंग जागा झाला आणि हळूहळू वरच्या पांढऱ्यात चढत राहिला. बनवताना काही कळत नाही, दिवस गेल्यावर कळतं. मी सगळे शर्ट स्वखर्चानं नवे करून दिले. तेव्हापासून लाल, मरून, गडद निळ्या पॉलिएस्टरला मी कमी उष्णतेत पिकणारं, रंग न चढणारं पांढरं घेतो आणि त्याच्या खाली करडा अडसर-थर देतो. त्यातला काळा कार्बन चढणारा रंग अडवून धरतो.

डिस्चार्जची तऱ्हा उलटी. त्यात काळ्यावर काही चढवत नाहीत, कापडाचा काळा रंगच काढून टाकतात. हात फिरवला तर छपाई लागत नाही, इतकं मऊ काम. पण ते सुती कापडावरच होतं, तेही रंग उडण्याजोगा असेल तर. तापवताना फॉर्मल्डिहाइडचा वास डोळ्यांत जातो. माझ्या खोलीला तेवढी हवा नाही, म्हणून मी ते करत नाही.

कोविडनंतर आमच्याकडची छपाई बदलली ती डीटीएफमुळे. यात कापडावर थेट छापायचं नसतं. प्लास्टिकच्या फिल्मवर आधी रंग छापतात, त्यावर पांढरं, म्हणजे सगळं उलटं. ओल्या पांढऱ्यावर गोंदाची बारीक पावडर भुरभुरतात, जादाची झटकतात आणि भट्टीत वितळवतात. मग फिल्म शर्टावर पालथी ठेवून 150 ते 160 अंशांवर दहा-पंधरा सेकंद दाबतात. फिल्म सोलली की पांढरं आपोआप खाली गेलेलं असतं. सुती, पॉलिएस्टर, मिश्र, सगळ्याला चालतं. एकच शर्ट असला तरी होतो, स्क्रीन बनवायला लागत नाही. पूर्वी ‘लेकराचं नाव वेगवेगळं’ म्हटलं की मी हात जोडायचो. आता वीस झबली, वीस नावं एका दुपारी निघतात.

फिल्म घेताना बघायचं ते सोलण्याचं. काही गरमच सोलायच्या, काही पूर्ण गार झाल्यावर. गार सोलायची फिल्म घाईनं गरम ओढली तर अक्षराचे कोपरे तिच्याबरोबर निघून येतात. पावडर जाड घेतली तर पकड घट्ट पण छातीवर पुठ्ठा बांधल्यासारखं वाटतं. मी टी-शर्टाला मध्यम आणि पॉलिएस्टरला काळी पावडर घेतो, रंग चढू नये म्हणून. मशीनला मात्र आपली हवा सोसत नाही. तिला 40 ते 60 टक्के दमटपणा लागतो, आणि आमचा मे महिना भट्टीचा. पांढरी शाई नळीत बसते, नोझल सुकतं. मशीनमध्ये शाई फिरवणारा पंप असतो, पण वीज गेली की तोही थांबतो. म्हणून उन्हाळ्यात मी खोलीत ओलं गोणपाट टांगतो, रोज सकाळी शाईची बाटली हलवतो आणि काम नसलं तरी एक पट्टी छापतोच.

गडद कापडावर चिकटवायचा डार्क ट्रान्सफर पेपरही मिळतो, पण तो एका शर्टापुरता ठीक आहे. कडा कात्रीनं कापाव्या लागतात आणि त्या कडाच सगळ्यांत पहिल्यांदा सुटतात.

निवड शेवटी धुण्यावर येते. आमच्याकडं कपडे दगडावर आपटतात, ब्रशनं घासतात आणि भर उन्हात वाळत घालतात. मशीनमध्ये हलक्या धुण्यात टिकलेलं काम इथं टिकेलच असं नाही. नवं काही घेतलं की मी एक शर्ट छापून, एक दिवस तसाच ठेवून, घरी आईकडं देतो. ती तिच्या पद्धतीनं दहा वेळा धुते. तिच्या हातून जे सुटलं नाही, तेच गिऱ्हाइकाला देतो. पन्नासाच्या वर, एक-दोन रंगांचं, सुती असेल तर माझं मत स्क्रीनच. थोडे नग, बरेच रंग किंवा नावं वेगवेगळी असतील तर डीटीएफ.

एक गोष्ट धंद्यातल्या भावांना सांगायची आहे. स्क्रीनला लावायच्या इमल्शनमध्ये अजून पुष्कळ ठिकाणी नारिंगी बायक्रोमेट घालतात, स्वस्त पडतं म्हणून. त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण होतं आणि स्क्रीन धुतलेलं पाणी नाल्यात जातं. आमच्या अवर्षणी भागात नाल्याचं पाणी झिरपून कुणाच्या तरी बोअरला येतं. डायझोचं इमल्शन थोडं महाग मिळतं, तेच वापरा.

आणि छापून घेणाऱ्यांना एवढंच, की काळ्याची ऑर्डर द्यायला याल तेव्हा कापड आधी घेऊन या आणि हातात आठ दिवस ठेवून या. एक नग छापून देतो, तो घरी नेऊन धुऊन बघा, मग बाकीचे करू.