सहा पायांचे शेजारी (लेखांक ९) : टाकळा उपटण्याआधी

सप्टेंबर सरत आला की कॉलेजांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेला २ ऑक्टोबरचे वेध लागतात. २४ सप्टेंबरचा एनएसएस दिन नुकताच झालेला असतो, वर्षाच्या १२० तासांचा हिशेब समोर असतो आणि गांधी जयंतीच्या श्रमदानाला जागा शोधावी लागत नाही. मैदानाची कड, कुंपणालगतची पट्टी, जिमखान्यामागचा कोपरा, सगळीकडे कंबरेएवढं रान माजलेलं असतं. ठाणे असो, कल्याण असो की डोंबिवली, मुलं हौसेने उतरतात आणि दोन तासांत जमीन लख्ख करतात. परागीभवन करणाऱ्या कीटकांवर आवारात होणारा वर्षातला सर्वांत मोठा घाव बहुधा हाच असतो, आणि तो कीटकांवर मनापासून प्रेम करणारी मुलंच घालतात.

कारण त्या 'गवता'त निम्मा टाकळा असतो. पावसाच्या पहिल्या सरींनंतर आपल्या जिल्ह्यात ज्याची कोवळी भाजी होते तोच हा टाकळा. ऑगस्टपासून त्याला पिवळी फुलं येतात. या फुलांत मध नाही, आहेत ते फक्त परागकण. तेही परागकोशाच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातूनच बाहेर येतात. सातेरी किंवा आग्या माशीला ते हलवून काढता येत नाहीत. ते जमतं काळ्या भुंग्याला आणि पोटावर निळे पट्टे असलेल्या एका चपळ, एकट्या राहणाऱ्या माशीला. ही माशी फुलाला घट्ट धरते, पंख न फडफडवता उडण्याचे स्नायू सेकंदाला काहीशे वेळा थरथरवते आणि पराग झरझर अंगावर पाडून घेते. जवळ उभं राहिलं तर तो 'गुंईं' आवाज स्पष्ट ऐकू येतो. वांगी आणि टोमॅटोच्या फुलांची रचनाही अशीच असते. भुंग्याच्या या थरथरीची फळं आपण मंडईतून किलोवर घेतो.

टाकळ्याच्या पानांवर पिवळ्या रंगाच्या छोट्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. संध्याकाळी त्या निळ्या पट्ट्यांच्या माश्यांचे नर गवताच्या काडीला जबड्याने धरून रांगेत झोपतात. त्यांना घर नसतं, काडी हीच खाट. डेंग्यूच्या हंगामात धुराची फवारणी होते तीही नेमकी याच वेळेला. डास मारू नयेत असं कोणी म्हणणार नाही. पण साचलेलं पाणी शोधून काढणं हे खरं डासनियंत्रण, आणि त्या कामाला विद्यार्थ्यांची फौज धूर सोडणाऱ्या यंत्रापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडेल.

निळ्या पट्ट्यांच्या मादीचं घर जमिनीत असतं. उघडी, थोडी भुसभुशीत माती किंवा जुनी मातीची भिंत तिला लागते. भुंगा वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत भोक पाडून राहतो. आता कुठल्याही नव्या शैक्षणिक संकुलात ही दोन घरं शोधून बघा. पेव्हर ब्लॉक, लॉन, छाटलेली झुडपं आणि वाळकी फांदी दिसली की लगेच उचलणारा कंत्राटदार. फुलझाडं भरपूर लावलेली असतात, पण राहायला जागा नसते. मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रं ठाण्यात बाळकुमला आणि कल्याणलाही आहेत. अशा आवारांत एक कोपरा फरसबंदीविना ठेवायला खर्च शून्य आहे. फक्त कोणीतरी तसं मागायला हवं.

मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्यात का, असं वाचक विचारतात. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे रीतसर शिकून कोणी सातेरीची पेटी सांभाळणार असेल तर जरूर ठेवावी. मात्र पेटी म्हणजे पाळीव जनावर, सुट्टीतही त्याच्याकडे बघावं लागतं. शिवाय पेटीतल्या हजारो माश्या आवारातल्या मोजक्या फुलांवर तुटून पडल्या की एकट्या माश्यांच्या वाट्याला काय उरणार? पेटीचं उद्‌घाटन करता येतं, मातीतल्या बिळाचं करता येत नाही, एवढाच तिचा मोठा फायदा मला दिसतो.

आग्याची गोष्ट वेगळी. पाण्याच्या टाकीखाली किंवा पाचव्या मजल्याच्या सज्जाला पोळं लागलं की घबराट होते, पेस्ट कंट्रोलवाला येतो आणि सकाळी खाली मेलेल्या माश्यांचा सडा असतो. आग्या चावते हे खरंच आहे. एका माशीने डंख मारला की पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासाने बाकीच्या धावून येतात, म्हणून भीती रास्त आहे. पण ही माशी फिरस्ती आहे. फुलोरा ओसरला की पोळं सोडून ती आपणहून निघून जाते. पोळं वर्दळीपासून दूर असेल तर तो जिना बंद करून फलक लावणं पुरतं. अगदी दारावरच असेल तर माश्या न मारता पोळं हलवणारी माणसं आहेत. पुण्यात अमित गोडसे यांनी 'बी बास्केट' त्यासाठीच सुरू केलं.

फुलपाखरांना मात्र पाठिंबा लगेच मिळतो. घोडबंदर रस्त्यावर ओवळा गावात राजेंद्र ओवळेकरांनी आपल्या वाडीत जाळी न लावता फुलपाखरांचं उद्यान उभं केलं. तिथे गेलं की फुलांइतकंच अळ्यांच्या झाडांना महत्त्व असतं हे कळतं. लिंबाच्या कुळातली झाडं असली की २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं नीलवंत अंडी घालायला येऊ शकतं. प्रत्येक कॉलेजच्या फाटकाशी उभ्या असलेल्या उंच खोट्या अशोकावरही हिरव्या ठिपक्यांच्या एका फुलपाखराच्या अळ्या वाढतात. पान कुरतडलेलं दिसलं की माळी फवारा मारतो, तिथे मध्ये पडायला वनस्पतिशास्त्राचा एखादा विद्यार्थी पुरेसा असतो.

ठाण्यात चेंदणी बंदर रोडवर खाडीलगत विद्या प्रसारक मंडळाचा 'ज्ञानद्वीप' परिसर आहे. १९६९ पासूनचं बांदोडकर विज्ञान महाविद्यालय तिथलंच. खाडीकाठच्या चिखलात मारंडी फुलते. तिचं निळसर फूल ताठ पुंकेसरांनी बंद असतं, ते उघडायला भुंग्यासारखा दांडगा गडी लागतो. म्हणजे कांदळवनाच्या काठच्या कॉलेजात भुंग्याला वाळका ओंडका मिळणं ही खाडीचीही गरज ठरते.

अडचण आवडीची नाही, मुदतीची आहे. पदवीचा विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातो, त्याने राखलेला कोपरा चौथ्या वर्षी नव्या सचिवाला कचरा वाटतो. अमेरिकेत 'बी कॅम्पस' नावाची योजना २०१५ पासून आहे. तिच्यात विद्यार्थी, प्राध्यापक आणि बागेचे कर्मचारी यांची एकत्र समिती नेमावी लागते, कीटकनाशकांबद्दल लेखी धोरण करावं लागतं आणि दर वर्षी अहवाल द्यावा लागतो. मला यातला बिल्ला नको, कागद हवा. आपल्याकडे तो कागद म्हणजे माळीकामाचं आणि पेस्ट कंट्रोलचं कंत्राट. त्यात चार ओळी घालता येतील: आखून दिलेली पट्टी नोव्हेंबर संपेपर्यंत कापायची नाही, उरलेली आलटून पालटून कापायची, फुलांवर असलेल्या झाडांवर फवारणी नाही, पोळं काढण्याआधी जीवशास्त्र विभागाला विचारायचं. विद्यार्थी बदलले तरी कंत्राटाच्या नूतनीकरणात या ओळी राहतात.

आणि २ ऑक्टोबरचे तास? प्लॅस्टिक उचलण्यात ते सहज भरतात. टाकळ्याच्या बुडाशी ते पुष्कळ असतं.

(पुढच्या आठवड्यात : रात्रपाळीचे पतंग)