झाकणे म्हणजे उगवणे नव्हे

केस विरळ झाल्याचे डोळ्यांत भरते ते काळे केस आणि उजळ टाळू यांच्या रंगांतील फरकामुळे. हेअर फायबर म्हणजे केसांवर भुरभुरायचे बारीक रंगीत तंतू; ते, पावडर आणि स्प्रे हा फरक तात्पुरता बुजवतात. एवढे साधे काम करणाऱ्या वस्तूंभोवती अवास्तव भीती आणि अवास्तव आशा दोन्ही साचल्या आहेत.

गैरसमज १ : फायबरने छिद्रे बुजतात आणि उरलेसुरले केसही गळतात.

डोके धुताना फायबरचा काळा गाळ आणि गळलेले केस एकदमच हातात येतात, म्हणून संशय फायबरवर जातो. पण दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविकच आहे. घासलेला कंगवा ज्या स्थिर विद्युतभाराने कागदाचे कपटे उचलतो, त्याच भाराने फायबर मुख्यतः केसाच्या दांडीला चिकटतात. केसाचे मूळ असते त्वचेखाली. आनुवंशिक टकलात ते आक्रसते संप्रेरकाच्या परिणामाने, वरच्या भुकटीने नव्हे. मात्र टाळूवर जखम, खाज किंवा बुरशीचा संसर्ग असेल, तर वापर थांबवावा.

गैरसमज २ : फायबर केराटिनचे असतात, म्हणून केसांना पोषण मिळते.

केसही केराटिनचाच बनलेला, शिवाय पार्लरमधल्या ‘केराटिन’चा गाजावाजा, त्यामुळे समजूत पटकन पटते. प्रत्यक्षात हे केराटिन बहुधा मेंढीच्या लोकरीचे, बारीक कातरून रंगवलेले असते. केसाची दिसणारी दांडी निर्जीव असते आणि मुळाला पोषण रक्तातून मिळते. लोकर टाळूवर पसरून ते वाढत नाही. काही फायबर कापसापासूनही बनतात. लोकर नको असलेल्यांनी डबीवरचे घटक वाचावेत.

गैरसमज ३ : तुळतुळीत टकलावरही फायबर चालतात.

जाहिरातीतल्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांमुळे तसे वाटते. ‘आधी’चे छायाचित्र नीट पाहिले, तर तिथे बारीक का होईना, केस असतात. वेलीला मांडव लागतो, तसा फायबरला केस लागतो. गुळगुळीत त्वचेवर ते नुसती काळी धूळ दिसतात.

गैरसमज ४ : फायबर, पावडर, स्प्रे, नावे वेगळी, काम एकच.

तिन्ही विरळपणा झाकतात, म्हणून ती एकच वाटतात. फायबर केसाला जाडी देतात. भोवऱ्याभोवती आणि डोक्याच्या माथ्यावर ते उत्तम. कपाळालगतच्या कडेला मात्र ते रेघ ओढल्यासारखे दिसतात. दाबून वडी केलेली पावडर स्पंजने थेट टाळूवर लावतात. तिने दाटपणा येत नाही, पण रुंदावलेला भांग झाकण्यासाठी ती सोयीची. स्प्रे मोठा भाग झटपट रंगवतो, पण केस ताठ होतात आणि फवारा डोळ्यांत किंवा श्वासात जाण्याची भीती असते. दाबाखालचे डबे बहुधा ज्वलनशील असतात. गॅस किंवा समईजवळ ते वापरू नयेत. रंग मात्र तिन्हींत केसांच्या मुळांशी जुळणारा हवा. मेंदीने तांबूस झालेल्या केसांत गडद काळा ठिपका लपत नाही, उठून दिसतो.

गैरसमज ५ : घाम आला की काळे ओघळ येणारच.

ओघळणाऱ्या स्वस्त कलपाची आठवण यामागे असते. कोरड्या केसांवर लावून वर केस जागी धरणारा हेअर स्प्रे मारलेले चांगले फायबर साधारण घामात टिकतात. मुसळधार पावसात किंवा पोहताना त्यांचा भरवसा धरू नये. डोके ओले झाले तर टॉवेलने खसाखसा न पुसता हलके टिपावे. रात्री धुऊन झोपल्यास उशीचा अभ्राही वाचतो.

गैरसमज ६ : विरळपणा दिसेनासा झाला, म्हणजे डॉक्टरांची गरज संपली.

आरशातला दिलासा खरा असतो, म्हणूनच हा गैरसमज सर्वांत महाग पडतो : झाकल्याने गळण्याचे कारण जात नाही. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, थायरॉइडच्या विकारानेही गळतात. चाईमुळे गोल चट्टे पडतात. काही आजारांत तर मुळाच्या जागी व्रण राहतो आणि तिथे केस पुन्हा येत नाही. उपचार आणि झाकणे सोबत चालू शकतात : मिनॉक्सिडिल हे औषध आधी टाळूवर लावावे, ते पूर्ण वाळू द्यावे, फायबर शेवटी. केसरोपण झाले असेल, तर शल्यचिकित्सकांनी परवानगी देईपर्यंत थांबावे. आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना डोके स्वच्छ धुऊन, काहीही न लावता जावे. झाकलेली टाळू त्यांनाही तपासता येत नाही.