आकाश जवळ, मुंबई दूर

२ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाजवळ आकाशातून धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. अंतराळाशी या वनप्रदेशाची ओळख झाली ती अशी: वरून काही पडले आणि आम्ही ते पाहावयास धावलो. वर राहणाऱ्या माणसाशी बोलताही येते, हे माझ्या वर्गात विचारले तेव्हा एकाही विद्यार्थ्याला ठाऊक नव्हते.

वस्तुतः गोष्ट जुनी आहे. १९८३ साली ओवेन गॅरियट या अमेरिकी अंतराळवीराने कोलंबिया यानातून हौशी बिनतारी संचावर पृथ्वीवरील हौशी मंडळींशी संभाषण केले. २००० च्या डिसेंबरपासून अंतराळस्थानकातील प्रवासी शाळकरी मुलांशी असे बोलत आले आहेत. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला तेथे असताना बंगळूरच्या आणि पुढे मेघालयातील उमियमच्या केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांनी हॅम रेडिओवरून त्यांना प्रश्न विचारले. बंगळूरचे नवल नाही, उमियमचे आहे. डोंगराचा, पावसाचा, आमच्यासारखाच आडवळणाचा तो मुलूख. फरक इतकाच की, तेथे अंतराळ खात्याचे केंद्र उभे आहे.

स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. गडचिरोली ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ७५० किलोमीटर. म्हणजे स्थानक माथ्यावर येते तेव्हा ते आम्हांला राज्याच्या राजधानीपेक्षा जवळ असते! क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत जेमतेम दहा मिनिटे. तेवढ्यात प्रश्न आणि उत्तरे उरकावयाची. नुसते ऐकण्यास १४५.८ मेगाहर्ट्झ पकडणारा, हातात मावणारा संच पुरतो. बोलण्यास मात्र सरकारी परीक्षा व परवाना लागतो.

हवेचे उदाहरण देऊन निर्मूल्य वस्तू शिकवण्यात आमची हयात गेली. ही दहा मिनिटेही तशीच; अहेरीला आणि लंडनला सारखीच उपलब्ध. दुर्मीळ आहे तो परवानाधारक शिक्षक, आणि शाळेने कित्येक महिने आधी अर्ज करावा लागतो हे सांगणारा माणूस. आमच्याकडे ‘वायरलेस’ म्हणजे पोलिसांचा, फार तर वनखात्याचा. तो मुलांच्या हाती असू शकतो, ही कल्पनाच नाही.

जेथे गणिताचा शिक्षक मिळत नाही तेथे ही चैन कशाला, असे कोणी विचारील. आक्षेप खोटा नाही. त्या शिक्षकाच्या वेतनातून एक पैसाही इकडे वळवू नये. परंतु हा संच केवळ आकाशासाठी नसतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. २००१ च्या भूज भूकंपात तारा तुटल्या, तेव्हा हौशी बिनतारीवाल्यांनीच निरोप पोचवले होते. भामरागडच्या एखाद्या आश्रमशाळेतील गुरुजींनी परवाना मिळवला, तर त्यांचा संच एखादे दिवशी दहा मिनिटे अंतराळवीराशी बोलेल आणि पावसाळ्यात आलापल्लीशी.

गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून याच दोन जिल्ह्यांचे आहे. त्याने एका उन्हाळी सुटीत वीस शिक्षकांना या परीक्षेस बसवावे. एकविसावा अर्ज माझा असेल. विषय अर्थशास्त्र असला आणि वय सत्तेचाळीस असले तरी.